गर्दुल्ल्याला नवी सुई द्यावी का?

सायली, ठाणे
आमच्या पुलाखाली एका संस्थेची माणसं टोचून घेणाऱ्या पोरांना नव्या सुया देतात, वापरलेल्या परत घेतात. सोसायटीत त्यावरून रण माजलंय. माझा पाठिंबा आहे. टोचून झाल्यावर सिरिंजच्या बुडाशी रक्त अडकून राहतं. तीच दुसऱ्याने टोचली की एचआयव्ही, हिपॅटायटिस सी थेट रक्तात. आणि सुई नाही म्हणून कोणी नशा सोडत नाही, शेजारच्याची मागून घेतो.

दत्ताकाका
उद्या दारुड्याला ग्लास विसळून द्या! माझा मेहुणा गर्दपायी गेला, म्हणून बोलतोय. पैसे आहेत तर मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांना द्या, १९८६ पासून माणसं बाहेर काढतायत.

रानवारा
काका, केंद्रात जायला माणूस जिवंत हवा ना. मणिपूर बघा. १९८९-९० मध्ये तिथल्या टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही काही महिन्यांत शून्यावरून निम्म्यांपर्यंत गेला, मग त्यांच्या बायकांना. बरं, मणिपूर काही नशेचे लाड करणारं नाही. मैरा पाइबी या तिथल्या महिला चळवळीतल्या बाया रात्री मशाली घेऊन नशेबाजांना पकडायच्या. त्याच राज्याने १९९६ साली एड्स धोरण केलं आणि स्वच्छ सुया त्यात घेतल्या.

दत्ताकाका
मग संपली का तिथली नशा?

रानवारा
नाही. ती संपेल असं म्हटलंय कोणी? पण सुई घ्यायला येणाऱ्याशी कोणीतरी रोज बोलतं. त्यातूनच काही जण ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे गर्दची तलफ भागवणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या औषधी गोळीवर येतात. अमेरिकेत इंडियानाच्या स्कॉट काउंटीत २०१५ मध्ये दोनशेच्या आसपास लोकांना टोचण्यातून एचआयव्हीची लागण झाली, तेव्हा विरोधात असलेले गव्हर्नर माइक पेन्स यांनाही सुयांना परवानगी द्यावी लागली.

मीनल
पोलिसांनी धरलं तर?

सायली, ठाणे
२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम २२ आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सुया देणं गुन्हा नाही.

दत्ताकाका
कलम राहू दे. बागेत घसरगुंडीखाली नातवाच्या चपलेत सुई घुसली, नशिबाने पायाला लागली नाही. त्या कोण वेचणार?

सायली, ठाणे
हे मात्र खरं. संस्थेने बागेकडे बघितलंच नाही, मीही त्यांच्याशी भांडले. शनिवारी ७ वाजता त्यांचा माणूस चिमटा आणि डबा घेऊन येतोय. जागा दाखवाल?

दत्ताकाका
दाखवतो. सुया वाटायला विरोध आहेच.