समुद्र नाही म्हणून नागपूरने शिडाच्या होडीचं नावच काढायचं नाही?

धरमपेठची आत्या:
परवा आपल्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "ज्या गावाला समुद्र नाही त्याने शिडाच्या होड्यांच्या गोष्टी करू नये. तो मुंबईच्या श्रीमंतांचा शौक. आशियाई स्पर्धेत तीन पदकं आली म्हणे, कोणी पाहिली?" दोन दिवस गप्प बसले, पण ते डोक्यातून जाईना.

मी पाहिली. 2023 च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणन आणि ईबाद अली यांनी प्रत्येकी एक कांस्य आणलं, आणि नेहा ठाकूरने रौप्य. ही नेहा मुंबईची नाही, देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तेव्हा वय 17. देवासहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा. ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर. 11 शर्यती झाल्या, सगळ्यात वाईट निकाल वगळून तिचे 27 गुण, तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे 28. 2018 च्या आशियाई स्पर्धेत जकार्ताहून कांस्य आणणारी हर्षिता तोमरही भोपाळच्याच तलावावर तयार झाली. नागपूरहून सकाळच्या गाडीत बसलं की दुपारी भोपाळ. तिथे झालं ते इथे का नाही होणार?

इतवारीवाला:
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही. भोपाळला सरकारने अकादमी काढली, होड्या घेतल्या, मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केली. इथे कोण करणार? नवी होडी लाखांत जाते, शीड वापरून सैल पडलं की नवं. माझा मुलगा बॅडमिंटन खेळायचा, जिल्ह्यापर्यंत गेला. दर महिन्याला शटलचे डबे आणताना घरात जे बोलणं व्हायचं ते मला माहीत. बारावीला रॅकेट माळ्यावर गेली, अजून तिथेच आहे. म्हणून सांगतो, आधी जे खेळ चालू आहेत ते जगवा. आणि ऑलिंपिकचं काय? टोकियोला आपले चार जण गेले, सगळ्यात वरचा निकाल 17 वा. पॅरिसच्या वेळी विष्णू 18 वा, नेत्रा कुमानन 21 वी.

नेव्हल कॅडेट:
21 वी म्हणून तोंड वाकडं करताय, तीच नेत्रा टोकियोत 35 वी होती. तीन वर्षांत 14 जागा वर येणं सोपं वाटतं का?

पैशाचं अर्धंच सांगितलंत. नेहा, विष्णू, नेत्रा ज्या वर्गात उतरले त्यात सगळ्यांची होडी एकाच मापाची असते, 4.23 मीटर. फक्त शीड बदलतं: लहान मुलांना 4.7 चौरस मीटर, बायकांना 5.76, पुरुषांना 7.06. श्रीमंताला वेगवान होडी विकत घेता येत नाही. पुढे कोण जाणार ते वारा वाचणाऱ्यावर ठरतं.

मी कॉलेजात असताना आपल्या अंबाझरी तलावावर होडीत बसलो आहे. शिडाच्या कापडाला दोन्ही बाजूंनी लोकरीचे बारीक धागे चिकटवलेले असतात. दोन्ही सरळ मागे वाहिले की शीड बरोबर लागलं. एक फडफडला की सुकाणू किंवा दोरी चुकली. वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जातच नाही, तिरकी काढावी लागते, मग तोंड वळवून दुसऱ्या अंगाने तिरकी. पहिल्यांदा वळवताना शिडाखालची आडवी काठी कानशिलावर बसली. तीन दिवस कानात शिट्टी वाजत होती, पण चौथ्या दिवशी परत गेलो.

वर्धा रोडवरून:
अंबाझरीवर वारा असतो कुठे? हिवाळ्यात पान हलत नाही आणि मे महिन्यात झाडं पाडतो.

नेव्हल कॅडेट:
पॅरिस ऑलिंपिकच्या शर्यती मार्सेलला झाल्या, भर समुद्रात. तिथेही वारा पडला म्हणून शर्यती पुढे ढकलाव्या लागल्या. मंद वाऱ्यात होडी हलवता येणं हीसुद्धा कसबच आहे. हैदराबादला हुसेनसागर तलावात भर पावसाळ्यात शर्यती होतात, तिथे कुठे समुद्र आहे?

डागा लेआउट:
अंबाझरीचं नाव काढलंत म्हणून बोलते. 23 सप्टेंबर 2023, पहाटे. त्याच दिवशी तुमच्या त्या हांगझोच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. आमच्या घरात अंबाझरीचं पाणी शिरलं. सासूबाईंना खुर्चीसकट उचलून जिन्यावर नेलं. फ्रीज आडवा होऊन हॉलभर तरंगत होता. तुमची ती मुलगी 26 तारखेला पदक घेत होती तेव्हा मी फावड्याने देवघरातला चिखल काढत होते. लग्नाचा अल्बम वाळत घातला तर पानं एकमेकांना चिकटली ती कायमची. तो तलाव आधी नीट राखा. नाल्यावरची बांधकामं काढा, बांध पक्का करा. तिथे रंगीत शिडं बघायची माझी तयारी नाही.

वऱ्हाडी पोट्टा:
ताई बरोबर बोलून राह्यली. जलपर्णी पाह्यली का त्या तलावात? दरसाल काढते अन् दरसाल पुन्हा येते. होडी टाकाल तर सुकाणूले वेल गुंडाळन. फुटाळा तलावाले गेलो त थे बी तसंच, पैसा फवाऱ्यावर लावला. तलाव म्हणजे पाह्याची वस्तू करून टाकली आपण.

धरमपेठची आत्या:
डागा लेआउटच्या ताई, तुमचं दुःख मी कमी नाही लेखत. पण तलावात रोज मुलं उतरली असती तर जलपर्णी माजू दिली असती का कोणी? भोपाळचा बडा तलाव त्या शहराला पाणी पाजतो, तरी तिथे शिडं चालतात. वापरात असलेल्या पाण्याकडे लोकांचं लक्ष राहतं.

डागा लेआउट:
लक्ष? बांध आणि सांडवा हे काम प्रशासनाचं आहे, 12 वर्षांच्या मुलांचं नाही. जुना तलाव आहे तो, इतकी वर्षं टिकला. मुलांना होडीत बसवलं की पूर थांबतो असं म्हणणं हा आमचा अपमान आहे.

धरमपेठची आत्या:
असं मी म्हटलंच नाही! माझ्या तोंडी शब्द घालू नका.

इतवारीवाला:
आत्याबाई, राग कशाला? तुम्हीच म्हणालात ना, मुलं उतरली की तलाव सुधारेल.

काटोल रोड:
भांडण थांबवा, माझं एक ऐका. 2017 च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटली, तरुण पोरं गेली. माझ्या मित्राचा भाचा त्यात होता. बातमी आली तेव्हा आम्ही त्याच्या घरी चहा पीत बसलो होतो. कप तसेच राहिले. तेव्हापासून माझी मुलगी पाण्याजवळ गेली की माझे हातपाय गार पडतात. पदकं तुम्हाला लखलाभ.

नेव्हल कॅडेट:
दादा, तुमच्यापुढे वाद घालायची माझी हिंमत नाही. फक्त एवढं सांगतो. आम्हाला पहिले काही दिवस शीड हातातच दिलं नव्हतं. जॅकेट घालून होडी मुद्दाम उलटवायची, खालच्या फळीवर उभं राहून ती सरळ करायची, परत चढायचं. दहा वेळा, वीस वेळा. ते जमल्याशिवाय पुढे नाही.

काटोल रोड:
हे मला माहीत नव्हतं. तरी पाठवणार नाही.

इतवारीवाला:
बरं, देवासच्या मुलीचं मी मानतो. शेतकऱ्याची पोर तलावावर शिकून रौप्य आणते, म्हणजे श्रीमंतांचाच शौक हे माझं म्हणणं तिथे पडलं. बाकी सगळं कायम. अकादमी, प्रशिक्षक, राहण्याची सोय यांवाचून नुसत्या तलावाने काही होत नाही. आणि ते गुणांचं नीट सांगा. 27 वाली 28 वालीच्या पुढे कशी?

धरमपेठची आत्या:
पहिली आली की 1 गुण, दुसरी आली की 2. बेरीज कमी ती पुढे. नेहाचे एकूण 32 होते, पाचवी आलेली एक शर्यत वगळली, राहिले 27. त्या एका शर्यतीच्या बदल्यात उरलेल्या दहांत ती किती नेटाने टिकली ते बघा.

डागा लेआउट:
गणित कळलं. पण बांधाचं काम झाल्याचं कोणी सांगितलं नाही अजून. पाऊस आला की मी रात्री दोनदा उठून गेटपर्यंत जाऊन येते.