नोकरीत मन कधी रमलं? कुणाबरोबर?

बँकेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. परवा जुन्या शाखेतले आम्ही चौघं सापुताऱ्याला गेलो, तर तिथेही विषय निघाला तो त्या ६३ पैशांचाच. कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट. लेजरं हाताने लिहायची आणि मार्चअखेरीला बॅलन्सिंग करत बसायचं. फरक ६३ पैसे. अकाउंटंट म्हणाले, "नवाने भाग जातोय ना? मग कुणीतरी आकडे उलटे टाकलेत." रात्री पावणेदोनला सापडलं, ८१ च्या जागी १८. अक्षर माझंच! शिव्या खाल्ल्या, मग कुणीतरी स्टोव्ह पेटवून चहा केला आणि उजाडल्यावर सगळे मिसळ खायला. बिल अर्थात मी दिलं.

तुमचेही असे अनुभव येऊ द्या. नुसतं 'आमचा ग्रुप छान आहे' नको. काय खाल्लं, कोण रुसलं, गाडी कुठे बंद पडली, ते लिहा.

टर्नर, भोसरी

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेच्या भारापायी कधीकाळी ठरलेली, ती तशीच राहिली. बायकापोरांचा रविवार, माझा गुरुवार. लग्न, बारसं, मुंज, सगळं रविवारी आणि मी लेथ मशीनवर. पहिली काही वर्षं फार चिडचिड झाली. पण त्यामुळेच वर्कशॉपमधली आमची सहाजणांची टोळी जमली, कारण गुरुवारी मोकळं दुसरं कोणी नसतंच.

लोकलने मळवली, तिथून चालत लोहगड. रविवारी तिथे जत्रा असते. गुरुवारी विंचूकाट्यावर आम्ही आणि माकडं. ग्राइंडिंगवाला भाकरी-खर्डा आणतो. क्यूसीवाल्याकडे, म्हणजे माल तपासणाऱ्याकडे, काकडी कापायला दिली की सगळ्या चकत्या एका मापाच्या, जणू व्हर्नियरने मोजून कापल्यात. एकदा त्याच्याच हातून मिठाची पुडी पावसात भिजली. तेव्हापासून मीठ माझ्याकडे.

खंडेनवमीला मशीन बंद. लेथच्या चकात (काम पकडणाऱ्या जबड्यात) अडकलेल्या लोखंडाच्या चिपा काढायच्या, डिझेलने पुसायचं, हळदकुंकू, झेंडू, लिंबू. माझ्या लेथने दोनदा माझं बोट चावलंय, तरी सगळ्यात मोठा हार तिलाच.

स्टाफ नर्स, सरकारी रुग्णालय

आमची सहल एकत्र कधीच निघत नाही. वॉर्डला कुलूप कसं लावणार? म्हणून दोन बॅच. गेल्या हिवाळ्यात पहिली बॅच दिवेआगरला गेली. ती परतली, त्यांनी ड्यूटी घेतली, मग आम्ही त्याच घरी उतरलो. जेवायला बसलो तर ताटात उकडीचे मोदक! "तुमच्या आधीच्या ताई सांगून गेल्यात, पैसेही देऊन गेल्यात," काकू म्हणाल्या. आमच्या इन्चार्ज सिस्टर नाइटला पहाटे चार वाजता चहा करतात आणि ज्याचं सलाइन संपत आलंय त्याच्याकडे बघत बघतच पितात. त्या पहिल्या बॅचमध्ये होत्या. मोदकांचं त्यांनीच सांगितलं असणार. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत? चार्ट पूर्ण कर आधी."

आयटी, हिंजवडी

मी उलटं लिहितो, रागावू नका. आमच्या पहिल्या कंपनीत शनिवारी सक्तीची आउटिंग असायची. सकाळी सातला बस, रिसॉर्टवर एचआरचे खेळ, डोळे बांधून फुगे फोडा, मग फोटोत हसा. सोमवारी माणूस शुक्रवारपेक्षा दमलेला. सहकाऱ्यांबरोबर वेळ घालवायला मला आवडतं, पण ती वेळ माझ्या घरची घेऊन नको. खरी मैत्री झाली ती कारपूलमध्ये. वाकडच्या पुलाआधी गाड्या तुंबल्या की चौघं मिळून मॅनेजरची नक्कल करायचो. त्यातला एक आता स्वतः मॅनेजर झालाय. नक्कल चालूच आहे, फक्त पात्र बदललं.

झेडपी शिक्षिका

दोनच ओळी. मतदानाच्या ड्यूटीला सगळे कुरकुरतात, मीही. पण आदल्या रात्री अनोळखी शाळेत, बाकं जोडून, उशाशी मशीनची पेटी ठेवून आम्ही तिघी पहाटेपर्यंत सासवांवर बोललो. अजून दिवाळीला एकमेकींकडे फराळ जातो.

एसटी वाहक (निवृत्त)

१ जून १९४८ ला पुणे–नगर पहिली गाडी सुटली, म्हणून दर १ जूनला डेपोत गाडीला हार, पेढे. ते ठीकच. माझं मन रमलं मुक्कामी गाडीत. शेवटचं गाव, रात्री साडेनऊ, तिथून पुढे रस्ताच नाही. चालक आणि मी हिशेब मिटवून गाडीतच पथारी टाकायचो. कुणीतरी दुधाचा तांब्या आणून द्यायचं, कुणी पिठलं. चालक घोरायचा असा, की पावसाळ्यात बेडूक गप्प बसायचे. सकाळी सहाच्या फेरीला कॉलेजची पोरं दारातच उभी, तो मात्र तोंड धुतल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. आम्ही नऊ वर्षं जोडीने ड्यूटी केली. रजाही एकदमच टाकायचो, पंढरपूरला जायला, तेही एसटीनेच. तिथेही खिडकीत बसून दुसऱ्या चालकाच्या चुका काढणं चालूच!

आता तो गावी असतो. सकाळी पावणेसहाला फोन येतो, "उठलास का? दे डबल बेल."