सोसायटी ग्रुप : उद्या लांज्याची झुकिनी येतेय, कोणाला किती?

वैदेही (२०३): नमस्कार मंडळी. माझा भाऊ उद्या सकाळी लांज्याहून येतोय. भात कापून झाल्यावर यंदा त्याने पाच गुंठ्यांत झुकिनी लावली, तिचा तोडा सुरू झालाय. पंधराएक किलो आणेल. ज्यांना हवी त्यांनी इथेच आकडा लिहा. घाटावरून दोन दिवसांचा प्रवास करून आलेली आणि पहाटे तोडलेली यातला फरक एकदा खाऊन बघाच.

मंदाकाकू (१०१): मला अर्धा किलो. पण खरं सांगू? मागे मुलाने आणली होती, मी दुध्यासारख्या फोडी करून झाकण ठेवून शिजवली. नुसता लगदा झाला, कोणी तोंड लावलं नाही.

वैदेही (२०३): काकू, झाकणानेच घात केला. तिच्यात शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच असतं, वाफ द्यायची गरजच नाही. लोखंडी कढई चांगली तापवा. हिंग, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची. चणाडाळ भिजवून आधीच बोटचेपी शिजवून ठेवा. मग जाडसर फोडी मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं परतायच्या, कडा लालसर झाल्या की डाळ, ओलं खोबरं, आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पाणी सुटलंच. साल काढू नका, कोवळी असेल तर बियाही राहू देत.

रेहाना (२०१): आम्ही दोडक्यात सोडे घालतो तसे हिच्यात घातले होते मागच्या वर्षी. सोडे आधी कांद्याबरोबर नीट शिजवून घ्यायचे आणि झुकिनी उतरवायच्या जरा आधी टाकायची. फार छान लागते. मला एक किलो.

शैलेश (३०४): ही काकडीच ना? मुलगी कच्ची खाईल का?

वैदेही (२०३): कच्ची चालते, किसून कोशिंबिरीत घाल. काकडी मात्र नव्हे. अण्णा, तुम्ही सांगा ना, तुमची सगळी नोकरी शेती खात्यात गेली.

अण्णा (१०२): सांगतो. काकडी, दुधी, पडवळ, दोडका ही हिची चुलत भावंडं. सख्खी बहीण म्हणजे लाल भोपळा, आपलं डांगर. या भोपळ्यांचं मूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या एका गुहेत झुकिनीच्याच जातकुळीच्या भोपळ्याच्या बिया सापडल्या, त्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या. म्हणजे मका लावायला लागण्याच्याही आधी तिथली माणसं भोपळा लावत होती. आता आपण बघतो ती हिरवी लांबट झुकिनी मात्र उत्तर इटलीत, मिलानच्या आसपास, १९व्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. इटालियनमध्ये झुक्का म्हणजे भोपळा, त्यावरून झुकिनी म्हणजे लहानसा भोपळा. फ्रेंच लोक कुर्जेत म्हणतात, त्याचाही अर्थ तोच, आणि इंग्लंडात हेच फ्रेंच नाव चालतं. तेव्हा परकी भाजी म्हणून बिचकू नका. कोवळा भोपळा समजा आणि घरच्या पद्धतीने करा.

शैलेश (३०४): आईला शुगर आहे, तिला चालेल?

अण्णा (१०२): चालेल की. १०० ग्रॅममध्ये १७ कॅलरी आणि कर्बोदकं जेमतेम ३ ग्रॅम. क जीवनसत्त्व १८ मिलिग्रॅमच्या आसपास, पोटॅशियम २६० मिलिग्रॅमच्या घरात. डोळ्यांसाठी चांगलं समजलं जाणारं ल्युटीन सालीत जास्त, म्हणून वैदेही साल ठेवा म्हणते ते बरोबर. तंतू मात्र एक ग्रॅमच, त्यासाठी पालेभाजी सोडू नका. हिला औषध समजून खाऊ नये, रात्रीची हलकी भाजी म्हणून खावी. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारून.

मंदाकाकू (१०१): माझी आई दुधी, तवसं काहीही चिरलं की टोकाची चकती आधी जिभेला लावून बघायची. कडू निघालं तर सरळ फेकायची. हिलाही तसं करायचं का?

अण्णा (१०२): शंभर टक्के करायचं! तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा, आणि शिजवूनही तो जात नाही. २०१५ साली जर्मनीत शेजाऱ्याच्या बागेतली कडू झुकिनी शिजवून खाल्ल्याने एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. तुमच्या आईची रीत पोरींनाही शिकवा. कुंडीत लावणाऱ्यांनी घरचं बी धरू नका, दरवर्षी नवं घ्या. शोभेच्या भोपळ्यांशी संकर झाला तर कडू फळं येऊ शकतात.

शैलेश (३०४): आम्हाला एक किलो. ही बारा महिने का नाही लावत मग?

वैदेही (२०३): युरोपात ही उन्हाळ्याची भाजी, जून ते सप्टेंबर. आपल्याकडे कोकणात त्याच दिवसांत ३,००० मिमीच्या वर पाऊस, मूळ-खोड सगळं कुजतं. मार्चनंतर उकाड्याने फळ धरत नाही. म्हणून दिवाळीनंतर लावायची आणि पौष-माघात खायची, एवढाच आपला मोसम. ४५-५० दिवसांत तोडा येतो.

रविवारी मी शेतावर होते. तिला मांडव लागत नाही, झुडपासारखी बुडाशीच पसरते. पानं, देठ इतके खरखरीत की भाऊ पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच आत शिरतो. साडेसहाला फुलं उमलली होती. मादी फुलाच्या मागे करंगळीएवढी झुकिनी आधीच असते, नर फूल नुसतं लांब देठावर. मधमाश्या कमी दिसल्या, तर त्याने नर फूल खुडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि पराग एकेका मादी फुलात अलगद टेकवत गेला. हे राहिलं तर ती करंगळी टोकाकडून पिवळी पडते आणि गळते. लागली की मात्र वीतभर व्हायला चार-पाच दिवस पुरतात. तेव्हाच तोडायची, चुकली तर हातभर वाढते, आत कापूस आणि टणक बिया. मोठी दिसली म्हणून तीच उचलू नका, लहान घ्या.

मंदाकाकू (१०१): फुलं मिळतील का गं? भोपळ्याच्या फुलांची भजी कित्येक वर्षांत झाली नाहीत.

वैदेही (२०३): नर फुलं मिळतील, वीसेक. थोडी मधमाश्यांसाठी ठेवावी लागतात. उजाडता उजाडता खुडून ओल्या फडक्यात आणायला सांगते, दुपारपर्यंत मिटून जातात.

मंदाकाकू (१०१): मग मी तांदळाचं पीठ काढून ठेवते. आठ वाजता खालीच थांबते, आलास की हाक मार म्हणावं त्याला.