‘इन्फिडेल’च्या वाळवंटात नेमके कुठे खणायचे?

प्रश्न – वाळूतली_वाट

नमस्कार. इन्फोकॉम कंपनीने १९८३ मध्ये काढलेला ‘इन्फिडेल’ हा टेक्स्ट गेम मी सध्या ‘फ्रॉट्झ’ या प्रोग्रॅमवर खेळत आहे. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात चित्र नाही की आवाज नाही. पडद्यावर इंग्रजी परिच्छेद येतो, तो वाचायचा आणि काय करायचे ते इंग्रजीतच टंकायचे. आपण इजिप्तच्या वाळवंटात गाडल्या गेलेल्या एका पिरॅमिडच्या मागावर आलेले खजिनाशोधक असतो. खेळ सुरू होतो तेव्हा तंबूत जाग येते, डोके ठणकत असते, आणि हाताखालचे मजूर आपल्याला गुंगीचे औषध पाजून रातोरात निघून गेल्याचे लक्षात येते.

विमानातून पॅराशूटने उतरलेले खोके मी फोडले, त्यातली स्थान दाखवणारी काळी पेटी घेतली, तंबूतली कुलूपबंद ट्रंकही उघडली आणि तिच्यातला नकाशा व दगडी ठोकळा बरोबर घेतला. इथवर सगळे सुरळीत झाले. त्यानंतर मात्र फावडे घेऊन मी वाळवंटभर खणत सुटलो आहे आणि वाळूखेरीज काहीही हाती लागलेले नाही; शेवटी तहानेने मरण येते आणि पुन्हा तंबूपासून सुरुवात करावी लागते. पेटीवरचे आकडे चालता चालता बदलतात, पण त्यांची सांगड कशाशी घालायची हे उमगत नाही.

शिवाय पुढे भिंतींवर चित्रलिपी येते असे वाचले आहे. ती येत नसेल तर खेळ पूर्ण होतो का? आणि शेवट पाहून अनेकांचा हिरमोड होतो असेही ऐकले आहे. शेवट कृपया उघड सांगू नका, परंतु एवढी मेहनत घेण्याजोगा हा खेळ आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – जुनी_फ्लॉपी

तुमचे खणणे चुकत नाही, तुमच्याजवळ कागद नाहीत. इन्फोकॉमच्या १९८२ च्या ‘डेडलाइन’पासून त्यांच्या खोक्यात फ्लॉपीबरोबर पत्रे, नकाशे, नोंदवह्या अशा वस्तू घालण्याची प्रथा पडली. ‘इन्फिडेल’च्या खोक्यातही मोहिमेची रोजनिशी, एक पत्र, नकाशा आणि चित्रलिपीचा कागद होता. पिरॅमिडचे अक्षांश-रेखांश पडद्यावरच्या मजकुरात नसून या कागदांत आहेत. त्यामुळे ज्याने फ्लॉपी नुसती नकलून घेतली, तो तुमच्यासारखाच वाळूत फावडे मारत बसे. कंपनीच्या दृष्टीने ही फुकट नकला करणाऱ्यांना शांतपणे घातलेली आडकाठीच होती. आता त्या कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर सहज मिळतात. आकडे मी इथे लिहीत नाही, कारण ते पत्र आणि रोजनिशी वाचून हा माणूस इथवर कसा पोहोचला हे समजून घेणे हा खेळाचाच भाग आहे, आणि खेळातला सर्वांत चांगला विनोदही त्याच कागदांत आहे.

आकडे हाती आले की पुढचे काम सोपे आहे. उत्तर-दक्षिण चालल्याने अक्षांश बदलतो आणि पूर्व-पश्चिम चालल्याने रेखांश. एका वेळी एकाच दिशेने चालावे, आधी एक आकडा जुळवून घ्यावा आणि मगच दुसऱ्याच्या मागे लागावे. नोंद अंश, मिनिटे आणि सेकंद अशी आहे; खऱ्या जमिनीवर अक्षांशातला एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर, तेव्हा ‘जवळपास’ म्हणून चालणार नाही. योग्य जागी उभे राहिल्यावर एकदा फावडे मारून काही लागले नाही म्हणून जागा सोडू नका. वाळू खणलेल्या खड्ड्यात पुन्हा घसरते. खणत राहावे लागते. ट्रंकेतला तो दगडी ठोकळा खाली कुठेतरी ठेवून आला असाल, तर निघण्यापूर्वी परत घ्या. याहून जास्त सांगत नाही.

तहानेचे म्हणाल तर पखालीसारखी जी पाण्याची बाटली मिळते, ती नाईलवर जाऊन भरल्याशिवाय वाळवंटात पाऊल टाकू नये. इथे वेळ घड्याळावर चालत नाही, तुमच्या चालींवर चालतो: प्रत्येक आज्ञेसरशी एक चाल संपते, पण तुम्ही मध्येच उठून चहा करून आलात तरी खेळातला सूर्य जागचा हलत नाही. म्हणून विचार खुर्चीत बसून करावा आणि पावले मोजून टाकावीत. छावणीतले सगळे तंबू आधी पाहून घ्या, आगपेटी विसरू नका, आणि नदीवरून निघताना खेळ सेव्ह करून ठेवा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. या पिढीचे इन्फोकॉमचे खेळ प्रत्येक शब्दाची फक्त पहिली सहा अक्षरे पाहतात. लांबलचक इंग्रजी शब्दाच्या शेपटात स्पेलिंग चुकले तर बिघडत नाही. आज्ञा कळली नाही असे उत्तर आले, तर क्रियापद बदलून पाहावे.

उत्तर – शिलालेख

चित्रलिपीविषयी मी सांगते. ती पूर्णपणे टाळून पुढे जाता येईलही, पण मग खेळ ठोकताळ्यावर चालवावा लागेल, आणि या पिरॅमिडात ठोकताळ्याने वागणारा माणूस फार वेळ जिवंत राहत नाही.

त्या काळच्या संगणकांच्या पडद्यावर चित्रे काढण्याची सोय एकसारखी नव्हती. इन्फोकॉमचा खेळ एकाच कथाफाइलमधून ॲपल टू, कमोडोर ६४ आणि आयबीएम पीसी अशा वेगवेगळ्या यंत्रांवर चालत असे, त्यामुळे सर्वांकडे समान असलेली गोष्ट म्हणजे कळफलकावरची चिन्हे. तिरप्या रेघा, कंस, विरामचिन्हे यांची जुळणी करूनच लेखकांनी चित्रलिपी तयार केली आहे. खोक्यातल्या कागदावर काही चिन्हांचे अर्थ दिलेले असतात. उरलेले अर्थ तुम्हीच भिंतीवरचे वाक्य आणि त्या खोलीतली वस्तू शेजारी ठेवून काढायचे. वही-पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक भिंतीवरचे वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या. तिसऱ्या-चौथ्या खोलीत एखादे ओळखीचे चिन्ह पुन्हा दिसते, मागच्या खोलीतल्या अर्धवट वाक्याचा अर्थ लागतो, आणि तिथे आपण काय करायला हवे होते ते कळते. माझ्या मते या खेळातला खरा आनंद एवढाच आहे. बाकीची कोडी त्या काळातल्या इतर खेळांच्या मानाने सोपी आहेत.

एक खुलासा करावासा वाटतो. ही लिपी खरी इजिप्शियन नव्हे. खेळात एका चिन्हाला एक अर्थ असा सरळ हिशोब आहे. खऱ्या चित्रलिपीत बहुतेक चिन्हे ध्वनी दाखवतात आणि शब्दाच्या शेवटी येणारे एखादे चिन्ह तो शब्द कोणत्या वर्गातला आहे एवढेच सुचवते. ‘प्रत्येक चित्र म्हणजे एक कल्पना’ हा समज युरोपात शतकानुशतके होता आणि त्यापायीच ती लिपी इतकी वर्षे बंद राहिली. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेली रोझेटा शिळा १७९९ मध्ये सापडूनही शांपोल्यॉं या फ्रेंच अभ्यासकाला १८२२ मध्ये राजांच्या नावांतले ध्वनी जुळवावे लागले, तेव्हा कुठे वाट सापडली. म्हणजे खेळातला संशोधक ज्या पद्धतीने भिंती वाचतो, त्या पद्धतीने खऱ्या थडग्यात त्याला काहीच वाचता आले नसते. खेळ म्हणून मात्र ही तडजोड मला मान्य आहे.

उत्तर – उत्खननवेडा

खेळातले किती खरे आणि किती रचलेले, हा माझ्या आवडीचा विषय असल्याने थोडे विषयाच्या कडेने लिहितो.

वाळूखाली गडप झालेला पिरॅमिड ही कल्पना अजिबात अतिरंजित नाही. सक्कारा येथे झकारिया गोनेम या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सेखेमखेत राजाचा अपुरा राहिलेला पिरॅमिड वाळूतून बाहेर काढला. आत अलाबास्टर या फिकट दगडाची अखंड शवपेटी मिळाली, तिचा सरकता दरवाजा बंद होता, आणि १९५४ मध्ये ती उघडली तेव्हा ती रिकामी निघाली. मार्गिकेत मात्र सोन्याची कंकणे सापडली होती. त्याच वर्षी गिझा येथे खुफू राजाच्या पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात देवदारी लाकडाची, सुमारे ४३ मीटर लांबीची नौका सुट्या भागांच्या रूपात मिळाली. ‘इन्फिडेल’मध्ये पिरॅमिडच्या आत नौका भेटते, तेव्हा ती लेखकांची लहर वाटू देऊ नका. त्या नौकेत हाताला लागणारी लाकडी तुळई जड आहे म्हणून टाकूनही देऊ नका. दारावरचा दगड कशाच्या आधाराने उभा आहे हे पाहिल्याशिवाय कोणतेही दार फोडायचे नाही, एवढेच सुचवतो.

शेवटच्या टप्प्यात चार देवींच्या मूर्ती येतात: इसिस, नेफ्थिस, नीथ आणि सेल्किस. तुतनखामुन राजाच्या थडग्यात, ममी करताना काढून ठेवलेल्या त्याच्या अवयवांच्या कोशाभोवती हात पसरून उभ्या असलेल्या सोनेरी देवी याच चौघी. तिथे इसिसकडे यकृत, नेफ्थिसकडे फुप्फुसे, नीथकडे जठर आणि सेल्किसकडे आतडी अशी राखण वाटून दिली होती. खेळात या मूर्तींचा उपयोग वेगळा आहे, पण त्यांची निवड अभ्यासपूर्वक केलेली दिसते.

आता जे पटत नाही ते. एकटा माणूस एका मशालीच्या उजेडात सगळा पिरॅमिड पालथा घालतो. तुतनखामुनचे थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला ४ नोव्हेंबर १९२२ रोजी पहिली पायरी लागली आणि चार लहान खोल्यांचे ते थडगे मोकळे करायला १९३२ साल उजाडले. वस्तू पाच हजारांहून अधिक होत्या आणि पायरीपासून पेटीपर्यंतचे प्रत्येक ओझे इजिप्शियन मजुरांनी वाहिले. मजूर निघून गेल्यावर मोहीम पुढे चालते, हीच या खेळातली सर्वांत मोठी कल्पित गोष्ट आहे.

उत्तर – रात्रपाळी

(शेवटाविषयी लिहीत आहे. ज्यांना तो आधी कळू द्यायचा नाही त्यांनी हे उत्तर सोडून द्यावे.)

मी खेळ पूर्ण केला आणि मला तो शेवट अन्यायाचा वाटला. सगळे गुण मिळतात, चारही मूर्ती योग्य क्रमाने फिरतात, शवपेटीचे झाकण निघते, आणि जन्मभर ज्याचा ध्यास घेतला ते समोर असताना कक्ष कोसळून बाहेरची वाट कायमची बंद होते. दुसरा मार्गच नाही. जिथे चूक केल्यावर मरण येते आणि शहाणपणाने वागल्यावर सुटका होते, तिथे मरण्याला अर्थ असतो. इथे निर्दोष खेळणाऱ्यालाही तीच शिक्षा. पदरचे पैसे मोजून खेळ विकत घेणाऱ्यांना १९८३ मध्ये राग आला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

उत्तर – शिलालेख

निर्दोष कोण? पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. मजुरांना पगार कमी, खायला पुरेसे नाही, आणि आदल्या दिवशी त्यांच्या सणाच्या दिवशीही कामाला जुंपले. रोजनिशीत आणि पत्रात तर हा माणूस स्वतःच्या गुरुस्थानी असलेल्या माणसाचा शोध परस्पर लाटायला निघालेला दिसतो, आणि ज्या बाईंनी विश्वासाने नकाशा सोपवला त्यांनाही तो फसवतो आहे. मायकेल बर्लिन आणि पॅट्रिशिया फॉगलमन या लेखकद्वयाने नायक मुद्दाम असा रचला आहे. आपण तहान, कोडी आणि तुळया यांच्या नादात त्याच्या बाजूचे होतो, हा भाग वेगळा. कायद्याच्या दृष्टीने पाहायचे तर इजिप्तने पुरावस्तू सरकारी मालकीच्या ठरवून त्यांची निर्यात बंद करणारा ११७ क्रमांकाचा कायदा नेमका १९८३ मध्येच केला. लेखकांना तो माहीत असण्याचे कारण नाही, पण असल्या खजिनाशोधकाचे दिवस तेव्हा भरत आले होते हे खरे.

उत्तर – रात्रपाळी

माणूस वाईट आहे हे मान्य आहे. पण मग मला वाईट वागण्याची किंवा न वागण्याची निवड द्यायला हवी होती. मजूर मी हाकलले नाहीत. मी जागा झालो तेव्हा ते निघून गेलेले होते. ज्या गोष्टी खेळ सुरू होण्यापूर्वीच घडल्या त्यांचा दंड माझ्या नावावर का? खजिना तसाच ठेवून परत फिरणे हा शेवट लेखकांनी लिहिला असता, तर तुमचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारला असता.

उत्तर – जुनी_फ्लॉपी

तो मुद्दा मलाही पटतो. मात्र झाकणाला हात न लावता तिथेच खेळ थांबवायला कोणी अडवलेले नाही. फक्त त्याचे गुण मिळत नाहीत, आणि गुणांसाठी आपण सगळेच झाकण उघडतो.

प्रश्नकर्त्यासाठी एक व्यावहारिक सूचना राहिली होती. आत शिरल्यावर मशाल भांड्यातल्या तेलात बुडवून मगच पेटवा, आणि भांडे मागे सोडू नका, कारण ती पुन्हा बुडवावी लागते. फारच अडलात तर पूर्ण वॉकथ्रू (म्हणजे खेळाची सगळी उत्तरे क्रमाने सांगणारा लेख) उघडण्याऐवजी इन्फोकॉमच्या ‘इनव्हिजिक्लूज’ या सूचनापुस्तिकेची प्रत शोधा. मूळ पुस्तिकेत उत्तरे अदृश्य शाईने छापलेली असत आणि सोबतच्या पेनाने एकेक ओळ उजळावी लागे; त्यामुळे हवे तेवढेच कळते.

उत्तर – वाळूतली_वाट

सर्वांचे आभार. कागदांच्या प्रती मिळाल्या, रोजनिशी वाचली आणि रात्रपाळी यांचे उत्तर अर्थातच मोह न आवरून वाचले. अक्षांश जुळला आहे, रेखांशासाठी अजून पूर्वेला चालायचे आहे आणि बाटली निम्मी उरली आहे. नदीवर परत जावे की पुढे जाऊन खणावे?

उत्तर – जुनी_फ्लॉपी

परत जा. खणण्यातच बऱ्याच चाली जातात, आणि आत शिरल्यावर नाईल जवळ नसते.