मदत हवी आहे : गिंपमध्ये मध्यावर बसवलेली नक्षी चादरीवर सरकलेली येते आणि दर चार इंचांवर जाड रेघ उमटते

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडवर आमचा आठ मागांचा लहान कारखाना आहे. आमच्याकडे वर्षानुवर्षे ग्राफवर नक्षी काढणारे मास्तर गेल्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून ते काम मी गिंप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर करते. चित्रकलेचे शिक्षण मी घेतलेले नाही. मागाचा हिशोब मात्र लहानपणापासून पाहत आले आहे. नव्या चादरीच्या नक्षीत मला तीन अडचणी आल्या असून, तिन्हींचे मूळ एकच आहे की प्रत्येकीचे वेगळे, हेच मला उलगडत नाही.

आधी मोजमाप सांगते, कारण त्याशिवाय उत्तर देणे कोणालाही अवघड जाईल. आमच्या जकार्डला, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या यंत्राला, ३८४ हुक आहेत आणि एका हुकाला नक्षीचा एक उभा धागा, म्हणून चित्राची रुंदी ३८४ पिक्सेल ठेवली आहे. कपड्यात इंचाला ४८ उभे आणि ३२ आडवे धागे बसतात. त्यामुळे नक्षीचे एक आवर्तन ८ इंच रुंद होते, आणि उंचीही ८ इंच हवी म्हणून चित्राची उंची २५६ पिक्सेल घेतली आहे. चादरीच्या मधल्या ५६ इंचांत हे आवर्तन सात वेळा येते. चादर दोन थरांत विणली जाते, तो हिशोब येथे बाजूला ठेवते. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठभेट, एवढेच आपण धरावे.

नक्षी साधी आहे. मध्यभागी वर्तुळात आठ पाकळ्यांचे कमळ, त्याच्या वरून आणि खालून निघणारा सरळ देठ, आणि देठाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली वेल. डावी बाजू मी हाताने काढली. मग मधोमध १९२ वर मार्गरेषा टाकली, डावीकडच्या १९२ उभ्या रांगा उचलल्या, आरशासारख्या उलटवल्या आणि त्या मार्गरेषेला चिकटवल्या. कमळ वेगळ्या लेयरवर (पारदर्शक पानासारख्या स्तरावर) काढले आणि अलाइन साधनाने चित्राच्या मध्यावर आणले.

पहिली अडचण या कमळाचीच आहे. अलाइनमध्ये चित्राच्या संदर्भाने मध्य साधण्याचा पर्याय निवडला होता, तरीही मोजून पाहिले तेव्हा कमळाच्या डावीकडे १२९ आणि उजवीकडे १३४ रांगा मोकळ्या राहिल्या होत्या. कमळ १२१ पिक्सेल रुंद आहे. आज्ञा पुन्हा दिली, लेयर हलवून पुन्हा दिली, तरी ते त्याच जागी येऊन थांबते. शेवटी मी ते बाणाच्या कळीने डोळ्यांच्या अंदाजाने सरकवले, पण दर वेळी असे करणे मला पटत नाही.

दुसरी अडचण रेघेची आहे. नमुना विणून टेबलावर पसरला तेव्हा उभ्या देठाची रेघ हवी त्यापेक्षा ठसठशीत दिसली. देठाची मधली शिर मी एकाच धाग्याची काढली होती, परंतु भिंग ठेवून धागे मोजले तेव्हा तेथे एकाच रंगाचे दोन धागे अगदी शेजारी सापडले. पट्टी लावून पाहिले तर अशी जोडरेघ दर चार इंचांवर होती. आवर्तनाच्या सांध्यात चूक झाली असावी असे समजून मी ऑफसेट या आज्ञेने चित्र अर्धे सरकवून, कडा मध्ये आणून पाहिले, तेव्हा सांध्यावरही जोडरेघ दिसली. म्हणून कडेची एक रांग कापून चित्र ३८३ पिक्सेलचे केले. तो उपाय अंगाशी आला. हुक ३८४ आणि रांगा ३८३, म्हणजे एक हुक रिकामा राहिला, आणि चादरीवर आठ-आठ इंचांवर बारीक कोरी चीर दिसू लागली. जकार्डला नक्षी सांगणारी एका आवर्तनाची सगळी भोकांची कार्डे पुन्हा पंच करावी लागली. वडील काही बोलले नाहीत, पण हे नुकसान लहान कारखान्याला जाणवते.

तिसरी अडचण वर्तुळाची. शिफ्ट दाबून, म्हणजे रुंदी आणि उंचीचे बंधन पाळून, १२१ बाय १२१ चे वर्तुळ काढले, कपड्यावर ते उभे अंडाकृती आले. याउलट, निवृत्त मास्तरांच्या जुन्या ग्राफवरून मी चौकोनाला चौकोन लावून उतरवलेली फुले पडद्यावर बसकी दिसतात आणि कपड्यावर मात्र गोल येतात. त्यांचे कागद माझ्यासमोर आहेत, आणि त्यांनी हे कसे साधले ते मला समजून घ्यायचे आहे.

गडद-फिक्या कडांमुळे होणारी रंगांची भेसळ मी ब्रशऐवजी पेन्सिल साधन वापरून आणि चित्र इंडेक्स्ड (ठरावीक रंगांपुरते) करून थांबवली आहे, त्यामुळे त्याविषयी सल्ला नको. गड्डा यात्रेत आमचा गाळा असतो आणि ही चादर तेथे मांडायची आहे. जाणकारांनी मार्ग दाखवावा ही विनंती.

प्रतिसाद – ग्राफमास्तर

ताई, आपण मोजमापे दिलीत म्हणून उत्तर देणे सोपे झाले. तिन्ही अडचणींची कारणे वेगवेगळी आहेत, पण तिन्ही ठिकाणी डोळ्यांना दिसते ते आणि सॉफ्टवेअर मोजते ते यांत फरक पडला आहे.

कमळाचे आधी पाहू. गिंपचे अलाइन साधन चित्रातली आकृती मोजत नाही, लेयरची चौकट मोजते. आपल्या लेयरमध्ये कमळाच्या भोवती पारदर्शक जागा उरली आहे आणि ती दोन्ही बाजूंना सारखी नाही. आपल्या आकड्यांवरून पाहता ती उजवीकडे डावीकडच्यापेक्षा पाच रांगांनी जास्त आहे. साधनाने चौकट मध्यावर आणली, म्हणून आतले कमळ डावीकडे राहिले. लेयर मेनूतील क्रॉप टू कंटेंट ही आज्ञा दिली की चौकट आकृतीला घट्ट बसते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत लेयरच्या आतल्या आकृतीच्या हद्दीवरून जुळवण्याचा पर्याय अलाइन साधनातच आहे. तरीही आपले काम येथे संपत नाही, कारण ३८४ मधून १२१ वजा केले तर २६३ उरतात आणि त्यांचे दोन समान भाग होत नाहीत. अर्धा धागा विणता येत नाही. त्यामुळे हे कमळ चित्राच्या मध्यावर कधीच बसणार नाही, आणि बसायलाही नको. कारण पुढे सांगतो.

आपली जोडरेघ दर चार इंचांवर येते, हीच खरी खूण आहे. दोष केवळ सांध्याचा असता तर ती आठ इंचांवर आली असती. गिंपमधील मार्गरेषा पिक्सेलवर नसते, दोन पिक्सेलांच्या मधल्या फटीत असते. पहिल्या रांगेला ० धरले तर १९२ ची मार्गरेषा १९१ आणि १९२ या रांगांच्या मध्ये पडते. तेथे आरसा धरला की १९१ वी रांग जशीच्या तशी १९२ वर येते, म्हणजे देठाची शिर दोनदा विणली जाते. ३८३ वी रांग ही ० व्या रांगेची प्रत असते आणि पुढचे आवर्तन पुन्हा ० पासून सुरू होते, म्हणून सांध्यावरही तीच गत होते. एक रांग कापून हे सुटणार नव्हते, कारण जास्तीच्या रांगा दोन आहेत आणि हुकांची संख्या तर बदलता येत नाही.

आरसा फटीत न धरता धाग्यावर धरावा. ० आणि १९२ या दोन रांगा अक्षाच्या समजा. त्या एकेकदाच येतील. देठाची शिर १९२ वर काढा, आणि कडेच्या देठाची ० वर. मग निवड साधनात आकडे लिहून १ ते १९१ एवढ्याच रांगा निवडा, म्हणजे आरंभ १, रुंदी १९१, उंची २५६. कॉपी करून नवा लेयर म्हणून पेस्ट करा, आडवा उलटवा, आणि लेयरच्या गुणधर्मांच्या खिडकीत क्ष-ऑफसेट १९३ व य-ऑफसेट ० असे लिहा. माउसने ओढून बसवू नका. १९३ मध्ये १९१ मिळवले की ३८४ होतात, एकही हुक रिकामा राहत नाही.

कमळही याच अक्षावर बसवायचे. अक्षाच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ रांगा, म्हणजे १३२ ते २५२. डावीकडे १३२ आणि उजवीकडे १३१ रांगा उरतील. तो फरक पाहून घाबरू नका. डावीकडची जास्तीची रांग म्हणजे ० वी, ती सांध्याचा अक्ष आहे. सात आवर्तने शेजारी येतील तेव्हा प्रत्येक कमळाच्या दोन्ही अंगांना सारखेच अंतर असेल. अलाइन साधन येथे वापरूच नये असे माझे मत आहे. क्रॉप केलेल्या लेयरला क्ष-ऑफसेट १३२ लिहिले की झाले.

आता वर्तुळ. मास्तरांच्या कागदावर ठळक रेघांचा एक मोठा चौकोन घ्या आणि त्यातली बारीक घरे मोजा. माझा अंदाज आहे की आडवी १२ आणि उभी ८ भरतील. ४८ आणि ३२ यांचे गुणोत्तर १२ आणि ८ असेच येते. म्हणजे त्यांच्या कागदावरचे बारीक घर चौरस नव्हते, उभट होते, आणि म्हणून कागदावर गोल काढलेले फूल कपड्यावरही गोल येत असे. आपण ते चौरस पिक्सेलांवर उतरवता म्हणून पडद्यावर बसके दिसते. शिफ्टचे बंधन पिक्सेल मोजते, त्याला धाग्यांची घनता माहीत नसते.

हाच उभट कागद गिंपमध्येही मिळतो. इमेज मेनूतील प्रिंट साइझमध्ये साखळीचे चिन्ह तोडून आडवे रिझोल्यूशन (इंचाला पिक्सेल) ४८ आणि उभे ३२ लिहा, आणि व्ह्यू मेनूतील डॉट फॉर डॉट (चित्राचा एक पिक्सेल म्हणजे पडद्याचा एक पिक्सेल) बंद करा. मास्तरांची फुले पडद्यावर लगेच गोल दिसू लागतील. ग्रिडही १२ बाय ८ ची ठेवा. मात्र आधीच काढलेले १२१ उंचीचे वर्तुळ स्केल करून (अडीच इंचांसाठी ३२ च्या हिशोबाने) ८० वर आणू नका. इंटरपोलेशन (शेजारच्या रंगांवरून मधला रंग काढणे) ठेवले तर रंग मिसळतात, आणि ते बंद ठेवले तर साधारण दर तिसरी आडवी रांग गळून पाकळ्यांच्या बारीक कडा तुटतात. नव्या मापात पुन्हा काढणेच बरे. हा जाच वाटेल, पण स्केल केलेली पाकळी दुरुस्त करण्यात मी स्वतः यापेक्षा जास्त वेळ घालवला आहे.

धागाकर्तीचे (मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे) उत्तर

सर, आपले मनापासून आभार. मास्तरांचा कागद खिडकीजवळ उजेडात धरून घरे मोजली. आडवी १२, उभी ८. इतकी वर्षे तो कागद घरात आहे आणि त्यातली घरे चौरस नाहीत हे मी कधी पाहिलेच नव्हते.

आपण सांगितल्याप्रमाणे आरसा १९२ व्या रांगेवर धरला, कमळ १३२ वर बसवले आणि टाइल फिल्टरने चार आवर्तने शेजारी मांडून पाहिली. मग कार्डे पंच करून दोन हात नमुना विणला. जोडरेघ पूर्णपणे गेली आहे. भिंगाखाली देठात आता एकच धागा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाने धाग्याला धागा जुळतात.

वर्तुळात मात्र थोडे उरले आहे. १२१ बाय ८० चे नवे वर्तुळ रुंदीला बरोबर अडीच इंच आले, उंचीला सव्वादोन इंचांहून थोडेच जास्त भरले. हे सॉफ्टवेअरचे आहे की मागाचे?

प्रतिसाद – ग्राफमास्तर

मागाचे. इंचाला ३२ हा आकडा आपण मागावर ताणलेल्या कपड्यावर मोजला असावा. कपडा मागावरून उतरला की सैल पडतो आणि आडवे धागे एकमेकांजवळ सरकतात. नमुना धुऊन, वाळवून, एक रात्र तसाच पडू द्या आणि मग भिंगाखाली दोन-तीन ठिकाणी मोजा. जो आकडा येईल तोच प्रिंट साइझमध्ये लिहायचा.

धागाकर्तीचे उत्तर

धुऊन वाळवलेल्या नमुन्यावर तीन ठिकाणी मोजले. उभे धागे ४८ च आहेत, आडवे तिन्ही ठिकाणी ३४ भरले. त्यामुळे उभे रिझोल्यूशन ३४ केले, चित्राची उंची ८ इंचांसाठी २७२ घेतली आणि वर्तुळ अडीच इंचांसाठी ८५ आडव्या धाग्यांचे काढले. ८५ ही विषम संख्या असल्याने कमळाला आता आडवाही एकच मधला धागा मिळाला आहे. नव्या मापाची कार्डे आज संध्याकाळी पंचिंगला दिली.