केसांवर चढलेली प्रसाधनांची पुटे घरच्या घरी कशी निघाली? आपले अनुभव लिहावेत

जेल, स्प्रे, पोमेड किंवा सेरम रोजच्या वापरात असले की काही आठवड्यांनी केस धुऊनही जड आणि चिकट लागतात, फणी अडकते आणि टाळूवर नख फिरवले तर पांढुरके किटण निघते. ते काढण्यासाठी आपण काय केले, आणि त्याने गुण आला की केस आणखी बिघडले, हे सविस्तर लिहावे. कोणते प्रसाधन लावले होते तेही कृपया नमूद करावे, कारण जेलवर चालणारा उपाय मेणावर चालत नाही.

सुरुवात मी करते. माझे केस आखूड आहेत आणि ते बसवण्यासाठी मी मधमाश्यांच्या मेणाचे पोमेड वापरत असे. लागोपाठ तीनदा शाम्पू करूनही मेण निघेना, म्हणून कढत पाणी घेतले. टाळू लाल होऊन दोन दिवस हुळहुळत राहिली आणि मेण होते तिथेच राहिले. हे मेण वितळायला ६० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते आणि तेवढ्या पाण्याने कातडी भाजते, हे मला नंतर कळले. शेवटी उपयोग झाला तो तेलाचा. मेण पाण्यात विरघळत नाही, पण तेलात मिसळते. म्हणून केस कोरडे असतानाच पातळ तेल एकेका बटेला चोळले, वीस मिनिटांनी रुंद दातांच्या फणीने विंचरले आणि सुटलेला चिकटा जुन्या सुती कापडाने पुसून घेतला. त्यानंतर पाणी न लावता तेलकट केसांवरच शाम्पू चोळला आणि मग थोडे थोडे पाणी घेत फेस केला. पहिल्या वेळी मी केस आधी भिजवले होते, तेव्हा शाम्पू तेलावरून नुसता घसरत होता.

* * *

माझा अनुभव जेल आणि स्प्रेचा आहे. त्यांतील बहुतेक पॉलिमर, म्हणजे केस जागच्या जागी धरून ठेवणारे घटक, पाण्यात विरघळतात, त्यामुळे कोमट पाण्याखाली पाच मिनिटे केस नीट भिजू दिले आणि मग साध्या शाम्पूने दोनदा धुतले, एवढ्यानेच काम झाले. कोरड्या केसांतून जेलचे कण फणीने ओरबाडून काढण्याची घाई मात्र करू नये. माझे बरेच केस त्यात तुटले.

* * *

कुरळ्या केसांना मी सिलिकोनयुक्त सेरम लावत होते आणि सल्फेटविरहित सौम्य शाम्पू वापरत होते. त्या सेरममधले डायमेथिकोन हे सिलिकोन पाण्यात विरघळत नाही आणि माझ्या शाम्पूला ते पेलत नव्हते, त्यामुळे पुटावर पूट चढत गेले. पुटे काढण्यासाठीच असलेल्या तीव्र, म्हणजे क्लॅरिफाइंग शाम्पूच्या एकाच वापरात केस हलके झाले, पण रंगवलेल्या केसांचा रंगही फिकट पडला. आता महिन्यातून एकदाच तो वापरते, फेस टाळूवर दोन मिनिटे ठेवते आणि लगेच टोकांना कंडिशनर लावते.

* * *

खाण्याचा सोडा वापरू नये, असे मी कळकळीने सांगेन. सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८ च्या वर असतो आणि टाळूचा साधारण ५.५; अल्कधर्मी द्रावणाने केस फुगतात, त्यांचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. सोड्याने पूट काही प्रमाणात निघाले हे खरे, पण केस इतके राठ झाले की पूर्ववत व्हायला काही महिने गेले. त्यावर उतारा म्हणून व्हिनेगर पुष्कळ पाण्यात मिसळून लावले. त्याने केस जरा मऊ झाले, मात्र मेण किंवा सिलिकोन त्याने निघत नाही.

* * *

मी तर कोणतेच प्रसाधन लावत नव्हतो, तरी केसांवर तोच थर येत असे. आमचे पाणी दुष्फेन आहे; त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार होतो, आणि मी डोके साबणानेच धुत होतो. साबण सोडला आणि ईडीटीए (पाण्यातील क्षार पकडून ठेवणारे रसायन) असलेला शाम्पू घेतला, तेव्हा तीन-चार धुण्यांत फरक दिसला.

* * *

वर लिहिल्याप्रमाणे तेलाने मेण पूर्ण निघाले होते, तरी दुसऱ्याच दिवशी केस पुन्हा चिकट झाले. कारण फणीत सापडले: दातांच्या मुळाशी जुने मेण तसेच होते. तिलाही आधी तेल चोळले, मग कोमट पाण्यात शाम्पू घालून अर्धा तास बुडवून ठेवली आणि जुन्या टूथब्रशने घासली. उशीचा अभ्राही त्याच दिवशी बदलला.