पूर्ण, पूर्णांक की परिपूर्ण? ३,३५,५०,३३६ नेमकी कोणती संख्या

सोयाबीनवाली ताई: माह्या पोट्टीच्या वहीत सरांनी लिहून देलं का ३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्या आहे. मी म्हनलं ०, १, २, ३ पासून सगळ्याच तर पूर्ण संख्या, मग हिलेच वेगळं नाव काहून? पूर्ण आन परिपूर्ण एकच का?

गणितवाला मास्तर: नाही ताई, एक नाही. पूर्ण संख्या म्हणजे शून्यापासून पुढच्या, त्यात ऋण धरल्या की पूर्णांक. परिपूर्णचं प्रकरणच वेगळं, स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली की तीच संख्या परत यायला पाहिजे. २८ घ्या, १+२+४+७+१४, आले २८. बेरीज कमी भरली तर न्यून संख्या, जशी १०, अन् जास्त भरली तर विपुल, जशी १२. बोलता बोलता लोक 'परि' खाऊन टाकतात अन् तिथूनच घोळ सुरू होतो, म्हणून शब्द अख्खा लिहा.

सोयाबीनवाली ताई: बरं सर, पण कोटीतल्या संख्येचे विभाजक शोधाचे कसे? पोट्टी दुपारपासून तेच करून रायली.

गणितवाला मास्तर: तिला सांगा ती संख्या स्वतः धरूनही फक्त २६ विभाजक आहेत, घाबरू नको. संख्या म्हणजे ४०९६ × ८१९१. ४०९६ हा २ चा बारावा घात, ८१९१ मूळ संख्या. आधी १, २, ४, ८ असं दुप्पट करत ४०९६ पर्यंत जायचं, बेरीज ८१९१. मग ८१९१, १६,३८२, ३२,७६४ असं दुप्पट करत १,६७,७५,१६८ पर्यंत, ही बेरीज ८१९१ च्या ४०९५ पट. दोन्ही मिळवल्या की ४०९६ पट, म्हणजे तीच संख्या! युक्लिडची रीत आहे ही, दोन हजार वर्षांहून जुनी, अन् मला तर अजूनही फळ्यावर मांडताना तेवढीच मजा येते.

वर्धेकडचा: मास्तर, ६, २८, ४९६, ८१२८ अन् मंग एकदम कोटीत उडी? मधात काहीच नाही?

गणितवाला मास्तर: २०४७ आडवा येतो ना भाऊ. ८१९१ म्हणजे २ चा तेरावा घात वजा १, तसा २०४७ म्हणजे २ चा अकरावा घात वजा १. घात ११ मूळ आहे म्हणून वाटतं जमेल, पण २०४७ = २३ × ८९, मूळ नाही. त्यामुळं १०२४ × २०४७ = २०,९६,१२८ ची विभाजकांची बेरीज २३,२५,३९२ निघते, गेली ती विपुलमध्ये. ८१९१ लाच जाऊन जमतं.

वर्धेकडचा: अन् हर्षद आहे का ही? गणिती कापरेकरांनी नाव देलेली, अंकांच्या बेरजेनं भाग जाणारी.

गणितवाला मास्तर: हर्षद नाही. अंकांची बेरीज २८, अन् ७ नं भाग जात नाही तर २८ नं कुठून जाईल. पण पाहा, २८ स्वतःच परिपूर्ण आहे! त्रिकोणी संख्या मात्र आहे ही, १ पासून ८१९१ पर्यंत सगळे आकडे मिळवले की हीच येते.

सोयाबीनवाली ताई: हाव सर, २६ विभाजक भरले पोट्टीचे.